पहिल्या दिवशी नळ कोरडे होते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना जिथे फारच अडखळले ते काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

तर, जुलैत माझे आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेला येतायत. मी कॅलिफोर्नियात राहते, आणि ॲनाहाइमचं डिस्नेलँड माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. आईला बघायचंय कारण शेजारच्या काकू बघून आल्यात. बाबांचं कारण वेगळं. ते सरकारी बांधकामात ओव्हरसियर होते, अकोल्यात रिटायर झाले. डिस्नेलँड एका वर्षात बांधलं हे त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि तेव्हापासून त्यांचा त्यावर विश्वासच बसत नाहीये. "एका वर्षात? आपल्या नाल्यावरचा पूल चार वर्षं चालला होता."

मी म्हटलं, बाबा, जुलै आहे, ऊन असेल. फोनवर हसले. "मले काय होते? अकोल्यातला माणूस आहो मी."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नात बाबा वरातीत चक्कर येऊन पडले. सलाईन लावावं लागलं. त्याआधी तासभर त्यांना गरगरत होतं, पण नवरदेवाच्या वरातीत आपल्यामुळे खोळंबा नको म्हणून गप्प राहिले. आणि मला हे कळलं आठ दिवसांनी, तेही आईच्या तोंडून चुकून निसटलं म्हणून. त्यामुळे "मले काय होते" ऐकलं की मला घाम फुटतो.

मग मी काय केलं? जे आपण सगळे करतो. रात्री जागून सर्च केलं. 'उन्हाळ्यात डिस्नेलँड, टिप्स'. टोपी घाला, पाणी प्या, सकाळी लवकर जा. हे मला आईनेही सांगितलं असतं. पण शोधता शोधता मी १९५५ सालात जाऊन पडले आणि पहाटे तीनपर्यंत तिथेच होते.

१७ जुलै १९५५, रविवार. डिस्नेलँडचा पहिला दिवस. खरं तर सामान्य लोकांसाठी पार्क दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. हा दिवस फक्त आमंत्रितांचा: पत्रकार, सिनेमातली मंडळी, कामगारांची कुटुंबं. वर एबीसी चॅनेलवर थेट प्रक्षेपण, आणि ते सादर करणाऱ्या तिघांपैकी एक होते रोनाल्ड रेगन. हो, तेच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. तेव्हा ते नट होते.

आमंत्रणांवर यायच्या वेळा वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, म्हणजे गर्दी टप्प्याटप्प्याने येईल. लोकांनी त्या वेळा बघितल्या आणि सोडून दिल्या. त्यात नकली तिकिटं छापली गेली. अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट, सुमारे २८ हजार माणसं आत आली. कुणीतरी कुंपणाला शिडी लावून पैसे घेऊन लोकांना आत सोडत होता, असंही सांगतात. मी सॉफ्टवेअरवाली असल्यामुळे मला हे वाचून अंगावर काटाच आला. लोड टेस्ट नाही, टोकन तपासायची सोय नाही, आणि थेट प्रॉडक्शनमध्ये, तेही देशभर टीव्हीवर!

आणि ऊन. त्या दिवशी पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास गेला होता, म्हणजे आपले ३८ अंश.

डांबर आदल्या रात्रीपर्यंत टाकत होते. ते उन्हात मऊ झालं आणि बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतायला लागल्या. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तर पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "रात्री डांबर टाकून सकाळी त्यावर माणसं? कोण होता साइटवर?" इतक्या वर्षांनी माझ्या बाबांना त्या कंत्राटदाराचा राग आला होता.

पण खरी मेख पाण्याची. बांधकाम संपत आलं तेव्हा प्लंबरांचा संप झाला होता. जेवढे हात आणि जेवढा वेळ उरला होता त्यात एकच काम पूर्ण होणार होतं: एकतर पिण्याच्या पाण्याचे नळ, नाहीतर संडास. वॉल्ट डिस्नेंनी संडास निवडले. हिशेब सरळ होता, तहान लागली तर माणूस काहीतरी विकत घेऊन पिऊ शकतो, दुसऱ्या गोष्टीला पर्याय नाही. मी बराच वेळ विचार केला आणि मलाही वाटतं, त्या जागी मी तेच केलं असतं. पण लोकांना संपाचं काय माहीत? त्यांना दिसले ३८ अंशांतले कोरडे नळ, आणि शेजारी पेप्सी विकायला तयार. पेप्सी खपावी म्हणूनच नळ बंद ठेवलेत, असं लोक म्हणायला लागले. खायचे पदार्थही मधेच संपले. एका भागात गॅसची गळती झाली, तो काही वेळ बंद करावा लागला. नदीतल्या 'मार्क ट्वेन' बोटीवर इतकी माणसं चढली की पाणी डेकवर आलं.

कंपनीच्या लोकांनी पुढे या दिवसाला नाव दिलं 'ब्लॅक संडे'. काळा रविवार.

सावली कुठे होती? हा प्रश्न मला वाचताना सारखा पडत होता. कारण ती १६० एकर जागा मुळात संत्र्यांची बाग होती. संत्र्याची बाग म्हणजे काय हे आम्हा विदर्भवाल्यांना कुणी सांगायला नको. मग ती झाडं गेली कुठे? एक किस्सा सांगतात की कुठली ठेवायची नि कुठली पाडायची यासाठी झाडांना लाल-हिरव्या फिती बांधल्या होत्या, आणि बुलडोझर चालवणाऱ्याला नेमका रंगांधळेपणा होता. खरं-खोटं देव जाणे, पण पार्क उघडलं तेव्हा झाडं कमी आणि लहान होती. बागकाम बघणारे बिल इव्हान्स नवीन हायवेसाठी जी मोठी झाडं पाडली जाणार होती ती उचलून आणत होते. शेवटी पैसेही संपले. उरलेल्या जागेतल्या रानगवताला लॅटिन नावांच्या पाट्या लावल्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल की मुद्दाम लावलंय. हा जुगाड मला मनापासून आवडला. पण पाटीची सावली पडत नाही ना.

जुन्या मालकांच्या बागेतलं एक पाम मात्र त्यांच्या विनंतीवरून ठेवलं होतं. १८९६ साली लावलेलं. ते आजही तिथल्या ॲडव्हेंचरलँडमध्ये उभं आहे, बाबांना मी ते पहिलं दाखवणार आहे.

आता या सगळ्यातली जी गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना ती सांगते. एवढा गोंधळ चालू असताना वॉल्ट डिस्नेंना त्यातलं फारसं माहीतच नव्हतं. ते दिवसभर कॅमेऱ्यासमोर इकडून तिकडे पळत होते. कॅमेरा जाईल तिथे सगळं हसरं. किती वाईट झालं ते त्यांना नंतर, बातम्या आल्यावर कळलं. ज्याला त्रास होतोय तो सांगत नाही, आणि ज्याला कळायला हवं तो दुसरीकडेच बघतोय. व्हिडिओ कॉलवर बाबा नेहमी कसे छान दिसतात, तसंच.

पार्क बुडालं मात्र नाही. सात आठवड्यांत दहा लाख लोक येऊन गेले. आणि मग पुढची कितीतरी वर्षं त्या एका रविवारच्या चुका दुरुस्त करण्यात गेली, असं मला वाटतं.

एक मजेशीर उदाहरण. १९६३ साली तिथे 'एन्चँटेड टिकी रूम' सुरू झाली. यंत्रावर चालणारे, बोलणारे-गाणारे पक्षी. डिस्नेलँडमधली पूर्ण एसी असलेली ही पहिली इमारत, असं सांगितलं जातं. आणि एसी कशासाठी? पक्षी चालवणारी यंत्रणा तापू नये म्हणून! माणसं आठ वर्षं उन्हात होती, एसी आला तो मशीनसाठी. ज्यांनी कधी पुण्यात मे महिन्यात लाइट गेल्यावर थंडाव्यासाठी सर्व्हर रूममध्ये जाऊन काम केलंय त्यांना यातली गंमत कळेल. (मी केलंय.)

मोठा धडा दिसतो तो फ्लोरिडात. वॉल्ट डिस्ने १९६६ मध्ये वारले. त्यांच्या मागे कंपनीने फ्लोरिडातलं पार्क उघडलं ते १ ऑक्टोबर १९७१ ला. जुलै नाही, ऑक्टोबर. रविवार नाही, शुक्रवार. मुलांच्या शाळा चालू, उन्हाळा ओसरत आलेला, सुट्ट्या नाहीत. मुद्दाम. पहिल्या दिवशी दहा हजारांच्या आसपास लोक आले. वर्तमानपत्रवाल्यांना वाटलं, अरे, फसलं वाटतं! पण कंपनीला हेच हवं होतं, घडी बसायला वेळ. नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत एवढी गर्दी झाली की रस्त्यावर गाड्यांची रांगच लागली.

रांगेबद्दलही थोडं, कारण उन्हात माणूस राइडमध्ये शिजत नाही, रांगेत शिजतो. १९९९ मध्ये डिस्नेने 'फास्टपास' आणला: मशीनमधून चिठ्ठी घ्या, त्यावरच्या वेळेला परत या, तोवर सावलीत बसा. फुकट होतं. २०२१ मध्ये ते गेलं, आता 'लाइटनिंग लेन' आहे आणि त्याला पैसे पडतात. पण यात एक साधं गणित आहे. कॉलेजात आम्हाला 'लिटल्स लॉ' होता. रांगेत ६०० माणसं आणि राइड तासाला १,२०० माणसं नेत असेल, तर तुम्ही अर्धा तास थांबणार. फास्टपासने राइडचा वेग वाढत नाही. फक्त कोण उन्हात थांबणार आणि कोण सावलीत, एवढं बदलतं. आधी ते ठरायचं कोण लवकर उठला त्यावर, आता ठरतं खिशावर. मला जुनं जास्त बरं वाटतं, पण बाबांसाठी मी पैसे भरणार आहे. तत्त्व वगैरे माझ्या एकटीच्या ट्रिपला.

तर आमचा बेत असा. मंगळवार किंवा बुधवार, शनिवार-रविवार अजिबात नाही. गेट उघडायच्या आधी अर्धा तास हजर. बाहेरच्या, उघड्यावरच्या राइड्स सकाळी अकरापर्यंत. मग आत शिरायचं: १९६७ ची 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन', अंधारात थंडगार बोटीतून फेरी, बाबांना आतलं बांधकाम बघायला वेळ मिळेल. मग टिकी रूम, मशीनच्या एसीत बसायला. दुपारी सरळ बाहेर पडून घरी. त्याच तिकिटावर संध्याकाळी परत आत येता येतं, त्यामुळे पैसे वसूल करायला दिवसभर उन्हात राहायची गरज नाही. हे आईला पटवायला दोन फोन लागले.

पाणी: बाटल्या भरायला नळ आहेत (आता चालतात!), आणि खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट देतात. घरचं खाणंही नेता येतं, फक्त काचेच्या बरणीतलं लोणचं नको. आईने प्लॅस्टिकच्या डब्यात घेतलंय.

बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. उन्हात किती पाणी प्यायचं, गोळीची वेळ काय, हे मी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि लिहून घेतलं. तुमच्याही घरी कुणी अशी गोळी घेत असेल तर तिकीट काढायच्या आधी तेवढं विचारा.

व्हीलचेअर भाड्याने मिळते. विषय काढला तर बाबा म्हणाले, "मले काय झालं?" मग मी वरातीचं बोलले. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, बाबा, तुम्ही पडलात त्याचं मला वाईट वाटलं नाही तेवढं तुम्ही सांगितलं नाही त्याचं वाटलं. ते काही बोलले नाहीत. मीही नाही. मग म्हणाले, "तवा खरंच लय गरगरत होतं पोरी." बस. एवढंच. मग लगेच विषय बदलून डांबरावर गेले.

आम्ही आता ठरवलंय, दर तासाला मी विचारणार नाही, तेच सांगणार. एक ते पाच आकडा. तीनच्या खाली गेला की सावलीत बसायचं, कितीही मोठी राइड समोर असली तरी. ओव्हरसियर माणूस, आकड्यात बोलायला त्यांना बरं वाटतं.

काल आईचा मेसेज आला. व्हॉइस नोट, मागे कूलरचा आवाज. म्हणते, "तुझे बाबा खिशात कांदा ठेवणार म्हणतात, ऊन लागू नये म्हणून. गेटवर काढून घेतात का गं?"

मी नियमांचं पान उघडून बघितलं. कांद्याबद्दल काही लिहिलेलं नाही.