मूठ, पैसा आणि देणगी : सामाजिक संस्थांच्या निधी-उभारणीचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : दोडामार्ग परिसर)

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुका १९९९ मध्ये सावंतवाडी तालुक्यातून वेगळा झाला. पूर्वी सावंतवाडी संस्थानात मोडणारा हा मुलूख गोवा आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या सीमांना भिडलेला आहे. शाळेची इमारत, वाचनालय, देवळाचा जीर्णोद्धार अशा कामांसाठी गावची वर्गणी, मुंबईतील चाकरमान्यांचे साहाय्य आणि गोव्यात नोकरी करणाऱ्यांचा हातभार हेच या भागातील नेहमीचे आधार राहिले. अलीकडच्या काळात मात्र 'निधी' या शब्दाचा अर्थ पालटला असून कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, परदेशी देणग्या आणि ऑनलाइन आवाहने यांची चर्चा वाढली आहे. निधी देणाऱ्याचे संस्थेशी नाते काय असते, या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अल्पदानाची परंपरा

दोडामार्गच्या सीमेपलीकडे, पणजी येथे १९०८ मध्ये मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. पोर्तुगीज राजवटीत मराठी शिक्षणाची सोय करण्यासाठी समाजाने स्वतःच हात पुढे करावा, ही त्यामागील भूमिका होती. रोजच्या शिध्यातून मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची कल्पना संस्थेच्या नावातच आहे. ही मूठ प्रामुख्याने घरातील स्त्रीच्या हातची. देणगीदारांच्या यादीत मात्र तिचे नाव क्वचितच येते. दानाच्या इतिहासातील ही मोठी उणीव होय.

याच सुमारास महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची चळवळ चालविली. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, ही ती कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्या काळी एका रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एक लाख रुपये जमविण्यास ६४ लाख पैसे लागत. केवळ रकमेचा विचार केल्यास ही पद्धत अत्यंत खर्चिक व कष्टाची ठरते. तथापि, पैसा देणारा प्रत्येकजण त्या कारखान्याला 'आपला' म्हणू शकत होता. निधी-उभारणी हेच येथे लोकशिक्षण होते.

मोठी देणगी आणि संस्थेची स्वायत्तता

दापोली तालुक्यातील मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना दानाच्या दोन्ही प्रकारांचा अनुभव आला. १८९६ मध्ये स्थापन झालेला अनाथ बालिकाश्रम लहान-लहान वर्गण्यांवर वाढला. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. या देणगीने विद्यापीठास स्थैर्य लाभले, हे निर्विवाद. परंतु पुढे देणगीच्या अटींवरून मतभेद होऊन तिचे उत्पन्न काही काळ थांबले. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय पुण्याहून मुंबईस गेले. मोठे दान संस्थेला बळ देते, त्याचबरोबर तिला एका स्रोतावर अवलंबून ठेवते, हे यावरून दिसते.

अल्पदानाचे उदात्तीकरणही योग्य नव्हे. या संस्थांचा कारभार कमी खर्चात चालला, कारण कार्यकर्त्यांनी तुटपुंज्या वेतनावर आयुष्य वेचले. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातील मुलांसाठी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने खर्ची घातले. जमाखर्चात न दिसणारा हा त्याग हीदेखील एक देणगीच होती.

वर्तमान वादाचे स्वरूप

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक झाले. स्वेच्छेचे दान येथे कायदेशीर कर्तव्य बनले. कंपनीच्या कार्यक्षेत्राजवळील भागास प्राधान्य द्यावे, असेही हे कलम सांगते. साहजिकच मोठे उद्योग नसलेल्या तालुक्याचा क्रम मागे लागतो.

परदेशी योगदान नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास बंदी घातली. पारदर्शकतेसाठी असे निर्बंध आवश्यक आहेत, असा एक पक्ष आहे. मात्र शहरातील मोठ्या संस्थेमार्फत खेड्यातील लहान संस्थेकडे येणारी वाट त्यामुळे बंद झाली, हा दुसऱ्या पक्षाचा आक्षेपही दुर्लक्षिता येत नाही. शिवाय कार्यकर्त्याचे वेतन 'अनुत्पादक खर्च' मानणे म्हणजे त्यागावर चालणारी जुनी व्यवस्था कायम गृहीत धरणे होय.

निष्कर्ष

वर्गणीचे पावतीपुस्तक आणि वार्षिक सभेत होणारे हिशेबाचे वाचन ही ग्रामीण समाजाची उत्तरदायित्वाची स्वतःची रीत आहे. त्या सभेत दहा रुपये देणाऱ्यासही प्रश्न विचारता येतो. कंपनीच्या निधीचा अहवाल मात्र वरच्या दिशेने जातो आणि लाभार्थी त्यात केवळ आकडा म्हणून उरतो. म्हणून दोडामार्गसारख्या सीमावर्ती तालुक्यातील संस्थांनी मोठा निधी नाकारण्याचे कारण नाही, परंतु त्यासाठी वर्गणी सोडणे आत्मघातकी ठरेल. मोबाइलवरून पैसे पाठविण्याच्या सोयीमुळे आज गोव्यातील वा मुंबईतील गावकऱ्याकडून लहान रक्कम गोळा करणे अंताजी काळे यांच्या काळापेक्षा कितीतरी सुलभ झाले आहे. ती रक्कम लहान असली तरी तिच्याबरोबर येणारा प्रश्न विचारण्याचा हक्क मोठा आहे, आणि संस्था कोणाची हे अखेर त्या हक्कावरूनच ठरते.