पांढरा समुद्र

रत्नागिरीत दोन समुद्र आहेत. किल्ल्याच्या एका अंगाला काळा, दुसऱ्या अंगाला पांढरा. पाणी एकच, पण मांडवीची वाळू काळी आणि मुरुगवाड्याकडची पांढरी, म्हणून ही नावं. डिसेंबरातल्या एका सकाळी लॅपटॉप बंद करून मी एकटाच सायकलवर दोन्ही बघायला निघालो.

वाटेत टिळक आळी लागली. तिथं लोकमान्यांचं जन्मस्थान म्हणून एक घर जपलंय. शहरात थिबा राजवाडाही आहे. ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, १९१६ मध्ये राजा इथंच वारला. परक्या राजाच्या तीस वर्षांचाही हिशेब या गावाने ठेवलाय.

मांडवीची काळी वाळू पाहून मिरकरवाडा बंदरावरून पांढऱ्या समुद्रावर आलो. सायकल लावली आणि मिऱ्याच्या दिशेने चालत निघालो. ओहोटी होती, तरी वाळूची पट्टी अरुंद होत गेली आणि मग संपलीच. पुढे नुसते बंधाऱ्याचे दगड.

खरं तर डिसेंबरात किनारा रुंद दिसायला हवा. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू ओढून नेतात आणि पाण्याखाली थोड्या अंतरावर ठेवतात. हिवाळ्यातल्या शांत लाटा तीच वाळू परत आणतात. शिवाय वाळू किनाऱ्यालगत आडवीही सरकत असते. समुद्रात भिंत घातली की एका बाजूला ती साठते, दुसरी बाजू उपाशी राहते. नदीवर धरण झालं, खाडीतून रेती उपसली, की येणारी नवी वाळूही घटते. मग घरं वाचवायला बंधारा बांधावा लागतो. त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची उरलीसुरली वाळूही खरवडून नेते.

बंधाऱ्यावर एक काका जाळं नीट करत बसले होते. मी माझं हे ज्ञान त्यांना ऐकवलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, “तुझं घर कुठं रे?”

“पुण्याला.”

“मग तुला वाळू हवी. आम्हाला दगड हवेत. जूनमध्ये पाणी पडवीत येतं.” थोड्या वेळाने बोटाने पाण्यात एक जागा दाखवून म्हणाले, “तिथं आम्ही क्रिकेट खेळायचो.”

मी फोन काढून त्या जागेचा फोटो घेतला. फोटोत फक्त पाणी आलं.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज याच मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन अडकलं. कॅमेरे आले, बातम्या झाल्या, नंतर लोक तिथं सेल्फी काढायला येत राहिले. वाळू मात्र अशी एका दिवसात गेली नाही, त्यामुळे तिच्या जाण्याची तारीख कुणाकडे नाही. काकांच्या पिढीला पीच कुठं होतं ते आठवतं. त्यांच्या नातवंडांना ‘पांढरा’ का म्हणतात, तेही कुणीतरी सांगावं लागेल.

परत फिरून काकांजवळ गेलो आणि विचारलं, “काका, स्टंप नेमके कुठं लावायचात?”

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि उठून उभे राहिले.