पाट्या सांगतात नगरचा इतिहास

शहराचा इतिहास केवळ ग्रंथांत नसतो. तो रस्त्यांवरील पाट्यांवरही वाचता येतो. अहमद निजामशहाने वसविलेले अहमदनगर हे त्याचे बोलके उदाहरण होय. २०२४ मध्ये या शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील चौंडी येथे झाला होता.

मुख्य नाव बदलले, तरी शहरांतर्गत नावांनी जुना काळ जपला आहे. दिल्ली दरवाजा, माळीवाडा वेस, झेंडीगेट ही नावे एकेकाळच्या तटबंदीची साक्ष देतात. 'तोफखाना' हे नाव वाचताना १५४९ मध्ये येथे ओतलेली आणि आता विजापुरात असलेली 'मुलुख मैदान' तोफ आठवते. कापड बाजार, डाळ मंडई या नावांतून पेठेचा व्यापार कळतो.

रूढ नाव कधीकधी चकवतेही. शहराजवळच्या डोंगरावरील 'चांदबीबीचा महाल' प्रत्यक्षात निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे.

पाटीची लिपीही आपला काळ सांगते. २०२२ च्या कायदादुरुस्तीनुसार राज्यातील सर्व दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपींपेक्षा लहान असू नयेत, असे बंधन आहे.

पाटी बदलण्यास एक दिवस पुरतो; मात्र नावामागची हकीकत विसरली गेली, तर ती परत मिळविणे अवघड असते. वेशी आणि पेठांच्या पाट्यांवर नावाखाली माहितीच्या दोन ओळी लिहिल्या, तर पुढच्या पिढीला आपले शहर वाचता येईल.