जुन्या हार्ड डिस्क का अडतात?

१/
राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीवर पोहोचले की पाण्याच्याच दाबाने उघडतात. त्यासाठी वीज लागत नाही. संगणकाच्या हार्ड डिस्कला असे आपणहून सावरणे जमायला मात्र वेळ लागला. त्या काळाची ही कहाणी. #थ्रेड

२/
१९५६ साली आयबीएमने पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि साठवण ५० लाख अक्षरांची! लिहिणारे-वाचणारे हेड तबकडीपासून सुमारे २० मायक्रोमीटर दूर राही. त्यासाठी दाबाखालची हवा सोडावी लागे.

३/
१९७३ च्या 'विंचेस्टर' रचनेत हे अंतर अर्ध्या मायक्रोमीटरच्याही आत आले. इतक्या फटीत धुळीचा कण म्हणजे वाटेतला धोंडाच. हेड फिरत्या तबकडीने ओढलेल्या हवेवर तरंगे आणि आता तबकडी थांबली की तिच्यावरच उतरू लागले. म्हणून तबकडीला वंगणाचा पातळ थर आला. पुढच्या दुखण्यांचे मूळ या उतरण्यातच होते.

४/
१९८० मध्ये सव्वापाच इंची, ५ एमबीची डिस्क आली. १९८३ च्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची डिस्क कार्यालयांच्या टेबलांवर पोहोचली. या स्वस्त डिस्कमध्ये वीज गेली की हेड असेल तेथेच, थेट नोंदींवर, टेकत असे. म्हणून संगणक बंद करण्यापूर्वी 'पार्क' ही आज्ञा द्यायची शिस्त होती. पण अवचित वीज गेल्यावर आज्ञा कोण देणार?

५/
उत्तर डिस्कमध्येच होते. वीज गेली तरी तबकडी काही क्षण फिरत राहते आणि फिरती मोटार स्वतःच जनित्र बनते. पुढच्या डिस्क त्या अल्पशा विजेवर हेड सुरक्षित पट्ट्यात नेऊ लागल्या. राधानगरीच्या दरवाजांशी याचे नाते उघड आहे : बाहेरचा आधार तुटला, तरी यंत्रातलीच शक्ती यंत्राला सावरते.

६/
दुसरे दुखणे विश्रांतीत जडे. हेड आणि तबकडी दोन्ही अतिशय गुळगुळीत. दमट हवेत त्यांच्यामध्ये ओल आणि वंगण साचले की ती एकमेकांना चिकटत व मोटारीचे बळ अपुरे पडे. डिस्कच्या श्वासछिद्रातील गाळणी धूळ अडवते, बाष्प नाही. लोक डिस्कला हलकी टिचकी मारून ती सोडवत. पण अशा धसक्यात हेडच तुटण्याची भीती असे. पुढे उतरण्याचा पट्टा मुद्दाम खडबडीत केला गेला. नंतर हेड तबकडीबाहेरच्या उतारावर विसावू लागले.

७/
तिसरा शत्रू वय. १९९० च्या आसपासच्या काही डिस्कमधील रबरी आधार कालांतराने डिंकासारखे चिकट होतात. हेड त्यात रुतते आणि डिस्क अडून बसते.

८/
यात एक विरोधाभास आहे. चुंबकीय नोंद अनेकदा शाबूत असते. निकामी होतात ते वंगण, रबर आणि मोटार. कागद कपाटात ठेवला म्हणजे जपला, ही आपली जुनी सवय येथे फसवी ठरते.

९/
राधानगरीसारख्या मुसळधार पावसाच्या मुलखात तर कोरडी जागा आणि वेळीच केलेली प्रत, दोन्ही हवीत. युनिकोडपूर्व मराठी मजकूर असेल तर त्याचा फॉन्टही सोबत जपावा. नाहीतर डिस्क फिरेल, पण अक्षरे वाचता येणार नाहीत. जुनी डिस्क सुरू झालीच, तर पहिले काम एकच : प्रत काढणे. ती पुन्हा सुरू होईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.