गाडीखालच्या जॅकचा इतिहास: चामड्याची वाटी ते ऑइल सील

आजचा विषय आहे डिकीत पडून असलेला हायड्रॉलिक जॅक, तोच तो बाटलीसारखा दिसणारा. गाडी वर चढते, आपण चाकाचे नट सोडवत असतो आणि बघता बघता ती हळूहळू खाली बसायला लागते. असं का होतं हे समजून घ्यायला १७९५ सालच्या लंडनला जावं लागतं.

तत्त्व त्याहून जुनं आहे. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालनं मांडलं. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. हिशेब सोपा आहे. पंपाचा दट्ट्या १ सेंटिमीटर व्यासाचा आणि वर चढणारा दांडा ३ सेंटिमीटरचा असेल, तर जोर ९ पट होतो. त्यात हँडलची तरफ १० पटीची धरा. हातानं १० किलोचा जोर लावला की ९०० किलो उचलले जातात. फुकट मात्र काही नाही: छोटा दट्ट्या ९ सेंटिमीटर दाबावा, तेव्हा दांडा १ सेंटिमीटर चढतो. म्हणून एवढं पंपिंग.

मग यंत्र यायला १३२ वर्षं का लागली? माझ्या मते अडलं होतं गळतीवर. जोसेफ ब्रामा हा कुलपांसाठी नावाजलेला कारागीर. त्यानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दाब वाढला की दांड्याच्या कडेनं पाणी निसटायचं. कडेला भरण घट्ट ठासावं, तर दांडाच अडकायचा. यावर त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले यानं तोड काढली, असं मानतात. ती म्हणजे चामड्याची वाटी. पाणी वाटीत शिरलं की तिची कड दांड्यावर दाबली जाते. दाब जेवढा जास्त, तेवढी पकड घट्ट. दाब गेला की वाटी सैल पडते आणि दांडा मोकळा होतो. मला तर पास्कालच्या नियमाइतकंच या चामड्याच्या तुकड्याचं कौतुक वाटतं.

पुढे न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड डजन यानं १८५१ मध्ये उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचं पेटंट घेतलं. आता चामड्याच्या जागी रबरी सील आणि पाण्याच्या जागी तेल आलं, पण काम तेच.

आता दुरुस्तीकडे. जॅक बसतोय? आधी खालचा रिलीज स्क्रू पूर्ण आवळलाय का ते पाहा. आवळलेला असूनही बसत असेल आणि दांड्याभोवती तेल पाझरत असेल, तर सील गेलं. बाहेर तेल दिसत नसेल, तर बहुधा आतल्या वॉल्व्हच्या गोळीखाली कचरा अडकलाय. जुनं तेल काढून नवं भरल्यावर पुष्कळदा काम होतं. जॅक झटके देत चढत असेल किंवा दाबताना पोकळ लागत असेल, तर आत हवा शिरली आहे. भार काढा, जॅक उभा ठेवा, रिलीज स्क्रू सैल करा, दहा-पंधरा वेळा पंप मारा आणि स्क्रू पुन्हा आवळा. शेवटपर्यंत चढतच नसेल, तर तेल कमी आहे. दांडा पूर्ण खाली बसवून, बाजूच्या रबरी बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत जॅकचंच तेल भरा. ब्रेक ऑइल अजिबात नको. त्यानं ही सीलं फुगतात आणि कुजतात. जॅक ठेवायचाही उभा, दांडा खाली बसवून.

सगळं ठीक असलं तरी जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं का? इथे मला वेल्समधला ब्रिटानिया पूल आठवतो. १८४९ मध्ये मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन ४६० फूट लांबीच्या लोखंडी नळ्या हायड्रॉलिक प्रेसनं वर चढवत होता. (मुंबई-ठाणे रेल्वे उभारणारा जेम्स बर्कले हा याच स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला.) त्याचा आग्रह होता की नळी जशी वर चढेल, तसा तिच्याखाली लगेच आधार भरत जायचा, आधी लाकूड, मग पक्कं बांधकाम. ऑगस्टमध्ये एका प्रेसचं ओतीव लोखंडी सिलिंडरच तळातून फुटलं. सील नव्हे, चक्क सिलिंडर! हजार टनांहून जड असलेली ती नळी काही इंचच खाली आली आणि आधारावर टेकली. दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी पूल वाहतुकीला खुला झाला.

गाडीखाली हा आधार म्हणजे लोखंडी घोडी. जमीन कडक आणि सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवरच्या चाकांना ओंडके लावलेले. गाडी चढली की कंपनीनं दाखवलेल्या जागी घोडी लावायची, जॅक सोडून भार तिच्यावर टाकायचा आणि एकदा हलवून बघायचं. सुट्या विटा नकोत, त्या भाराखाली अचानक फुटतात. आणि दुरुस्त केलेल्या जॅकची परीक्षा घ्यायची ती घोडी खाली लावून, गाडी तिच्यापेक्षा बोटभरच वर ठेवून. दहा मिनिटं लांब उभं राहून बघा. गाडी तेवढ्या वेळात घोडीवर टेकली, तर जॅक पुन्हा उघडावा लागेल.