मंद गतीतील झटका : मोटारसायकलच्या इंधन-अंतःक्षेपणाच्या इतिहासातील एक प्रकरण

यंत्राचा इतिहास लिहिताना शोधाचे वर्ष आणि शोधकाचे नाव यांस अग्रस्थान देण्याची रीत आहे. ते यंत्र गावोगावी पोहोचल्यावर कोणी व कोणत्या ज्ञानाच्या बळावर दुरुस्त केले, हा प्रश्न सहसा मागे राहतो. मोटारसायकलच्या बाबतीत त्याचा विचार करावयाचा झाल्यास अक्कलकोटसारखे गाव उपयोगी पडते. सोलापूरच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवरील या जुन्या संस्थानी गावात श्री स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराकडे गुरुवारी भाविकांची रीघ लागते. त्या गर्दीतून दुचाकी न्यावयाची म्हणजे माणसाच्या चालीनेच. अशा वेळी मूठ किंचित पिळावी, तर इंधन-अंतःक्षेपणाची एखादी गाडी क्षणभर अडखळते आणि मग एकदम उसळते. गॅरेजच्या बोलीत यास ‘गाडी झटके खाते’ असे म्हणतात. हा झटका म्हणजे केवळ एखाद्या भागाचा बिघाड नव्हे. इंधन व हवा यांच्या मिश्रणावरील ताबा मिस्त्रीच्या हातून संगणकाकडे गेला, त्या स्थित्यंतराची ती खूण होय.

कार्ब्युरेटरच्या काळी हा ताबा दोन लहान स्क्रूंच्या रूपाने मिस्त्रीच्या हाती होता. मंद गतीसाठी कार्ब्युरेटरात स्वतंत्र सूक्ष्म मार्ग असे. एका स्क्रूने इंजिनाची किमान गती ठरे, दुसऱ्याने मिश्रणाचे प्रमाण. राजदूत, येझदी किंवा बुलेट यांचा आवाज ऐकून मिस्त्री पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवी. रासायनिक हिशेबाने एक भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. मिस्त्री मात्र मिश्रणात पेट्रोल थोडे अधिक ठेवी. कारण तसे केल्याने मूठ पिळताच इंजिन विनातक्रार उचल घेई. या सुखाची किंमत धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने गावाच्या हवेस द्यावी लागे.

अंतःक्षेपणाचा उगम मोटारसायकलीत नाही. बॉश कंपनीने १९२७ मध्ये डिझेल इंजिनासाठी अंतःक्षेपण-पंपाचे उत्पादन सुरू केले, आणि १९६७ मध्ये तिचीच इलेक्ट्रॉनिक पद्धती फोक्सवॅगनच्या मोटारीत आली. मोटारसायकलीत ती प्रथम उतरली १९८० साली, कावासाकीच्या झेड १००० गाडीच्या एका आवृत्तीतून. भारतात २००६ मध्ये हिरो होंडाने ग्लॅमर या गाडीस अंतःक्षेपण दिले.

महाराष्ट्रातील घडामोड याहून बोधप्रद आहे. बजाज ऑटोने २००७ मध्ये २२० घन सेंटिमीटरची पल्सर अंतःक्षेपणासह बाजारात आणली. परंतु २००९ मध्ये त्याच गाडीस पुन्हा कार्ब्युरेटर बसविला आणि किंमतही उतरविली. तंत्र पुढे जाऊन मागे आले, कारण मागे येण्यास तोवर कायद्याची आडकाठी नव्हती. ती आडकाठी १ एप्रिल २०२० रोजी आली. भारत स्टेज सहा हे उत्सर्जन-मानक त्या दिवशी देशभर लागू झाले, आणि आधीच्या मानकाच्या नव्या गाड्यांची विक्री त्या तारखेपासून बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजीच दिलेला होता. २०२० मध्ये तीच पल्सर पुन्हा अंतःक्षेपणाकडे वळली. बहुतेक सर्व कंपन्यांच्या गाड्यांनी हाच मार्ग धरला.

आता झटक्याची कारणे पाहू. अंतःक्षेपणात थ्रॉटलच्या पडद्याचा कोन, इंजिनाचे फेरे, तापमान आणि आत येणाऱ्या हवेचा दाब संवेदक मोजतात. संगणक त्यावरून इंजेक्टर किती काळ उघडावयाचा ते ठरवितो. मंद गतीत पडदा काही अंशच उघडा असतो आणि इंजेक्टर दर वेळी जेमतेम काही सहस्रांश सेकंद उघडतो. त्यामुळे मोजमापातील अल्प चूकही तेथे मोठी ठरते. शिवाय ऑक्सिजन संवेदक मिश्रणास १४.७ च्या आसपास बांधून ठेवतो. मिस्त्रीने पूर्वी दिलेली पेट्रोलची सढळ मात्रा येथे नाही. त्यातच चालत्या गाडीची मूठ पूर्ण सोडली की संगणक इंधन तोडतो आणि मूठ पिळताच पुन्हा सोडतो. ही तोडजोड चालकास धक्क्यासारखी जाणवते. एकच मोठा सिलिंडर असलेल्या इंजिनात दोन स्फोटांमधील अंतर अधिक असल्याने धक्का आणखी ठळक होतो.

यावरून दुरुस्तीचा क्रमही बदलतो. पूर्वी प्रथम कार्ब्युरेटरला हात लागे. आता प्रथम संगणकाबाहेरचे पाहावे लागते. साखळी सैल असेल, तर लहानसा धक्का मागील चाकापर्यंत जाईतो मोठा होतो. ॲक्सिलरेटरच्या केबलला फाजील ढिलाई असेल, तर मूठ आधी रिकामी फिरते आणि मग पडदा एकदम उघडतो. म्हणून या दोहोंचा ताण कंपनीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे प्रथम करावा. नंतर एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरीची जोडणी आणि थ्रॉटल बॉडीमागील रबरी नळीची चीर तपासावी. त्या चिरेतून शिरलेली हवा मिश्रण पातळ करते. पुढची पायरी थ्रॉटल बॉडीची. पडद्याच्या कडेस साचलेला काजळीचा थर मंद गतीचा हवेचा मार्गच अरुंद करतो. तो योग्य द्रावणाने व मऊ फडक्याने, खरवडल्यावाचून काढावा. त्यानंतर इंधनाचा दाब, इंजेक्टरची स्वच्छता आणि शेवटी निदान-यंत्राने संवेदकांची तपासणी. कारखान्यात रंग लावून बंद केलेला पडद्याचा थांबा-स्क्रू मात्र फिरवू नये. त्याने संगणकाचा शून्यबिंदूच ढळतो. ऑक्सिजन संवेदकास फसवून पेट्रोल वाढविणारी उपकरणे झटका कमी करतात खरी, पण ज्या स्वच्छ हवेसाठी हा सारा बदल घडला तिच्यावरच ती पाणी सोडतात.

सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक धागा महत्त्वाचा आहे. उसापासूनही होणाऱ्या इथेनॉलचे पेट्रोलमधील प्रमाण देशात २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये सुमारे २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या पूर्ण ज्वलनास वजनाच्या ९ पट हवाच पुरते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाचे प्रमाण सुमारे साडेतेरावर येते. ज्या गाडीचा संगणक या इंधनासाठी जुळविलेला नाही, तिच्यात मिश्रण थोडे अधिक पातळ पडते, आणि ते प्रथम जाणवते ते मंद गतीतच. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ऊस पिकविणाऱ्याच्या गाडीला बसणारा झटका काही अंशी त्याच्याच शेतातून आलेला असू शकतो.

कार्ब्युरेटरचे ज्ञान कानात व बोटांत होते. ते उमेदवारीने मिळे आणि त्यास कोणाची परवानगी लागत नसे. अंतःक्षेपणाचे ज्ञान पुस्तिकेत व निदान-यंत्रात आहे, आणि ती साधने मुख्यतः अधिकृत सेवाकेंद्रांच्या हाती आहेत. हवा स्वच्छ व्हावी हा हेतू निर्विवाद आहे. परंतु त्या बदलात तालुक्याच्या मिस्त्रीचे निम्मे ज्ञान निरुपयोगी ठरले, याची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी. उरलेले निम्मे, म्हणजे साखळीचा ताण, केबलची ढिलाई आणि पडद्यावरची काजळी ओळखण्याची नजर, आजही त्याच्यापाशी आहे. पुष्कळशा गाड्यांचा झटका तेवढ्यानेच जातो.