शिफारस आणि प्रत : पनवेलच्या वाटेवरचा वाचनव्यवहार

एखादे पुस्तक वाचून झाल्यावर ते दुसऱ्याने वाचावे म्हणून त्याला सांगणे, सध्या आपल्या हाती काय आहे याची वार्ता शेजाऱ्याला देणे आणि त्याच्या हाती काय आहे ते विचारून घेणे, हा व्यवहार वाङ्मयाच्या इतिहासात सहसा नोंदला जात नाही. कारण तो इतिहास ग्रंथ आणि ग्रंथकार यांचा, फार तर प्रकाशकांचा लिहिला जातो, आणि वाचक त्यात केवळ आवृत्त्यांच्या संख्येच्या रूपाने उरतो. पनवेलसारख्या गावाच्या बाजूने पाहिले असता मात्र हा व्यवहारच अधिक महत्त्वाचा वाटू लागतो. हे गाव ग्रंथनिर्मितीचे केंद्र म्हणून कधी ओळखले गेले नाही. पण मुंबई आणि पुणे या मराठी ग्रंथव्यवहाराच्या दोन मोठ्या पेठांच्या मधल्या वाटेवर ते वसलेले असल्यामुळे पुस्तकाची वार्ता आणि पुस्तकाची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गाठ पडल्याशिवाय वाचन घडत नाही, हे येथून स्पष्ट दिसते.

छापील पुस्तकाच्या आधी पोथी होती, आणि पोथीच्या काळात ही गाठ आपोआप पडत असे. चातुर्मासात एखाद्या वाड्यात किंवा देवळात पोथी ‘लावली’ जाई, म्हणजे ती रोज ठरावीक वेळी क्रमाने वाचली जाई, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही श्रोते म्हणून त्या वाचनात सामील होत. श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ हे अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पूर्ण झालेले ग्रंथ महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचले ते याच मार्गाने. या ग्रंथांच्या शेवटी फलश्रुती असते, म्हणजे हा ग्रंथ वाचल्याने, ऐकल्याने किंवा संग्रही ठेवल्याने कोणते फळ मिळते याचे कथन असते. तिच्याकडे केवळ धार्मिक संकेत म्हणून पाहण्याची सवय जडली आहे. वास्तविक मराठीतील ग्रंथशिफारशीचा हा फार जुना आणि फार परिणामकारक प्रकार आहे, कारण येथे शिफारस ग्रंथातच शिवलेली असते आणि ती ज्याच्या कानावर पडते त्याच्या समोर ग्रंथ उघडलेलाच असतो.

मुद्रणाने ही जोडी फोडली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हा मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी होडीने खाडी ओलांडून पनवेल बंदरात उतरे आणि तेथून खोपोली-खंडाळ्यामार्गे घाट चढे. टपालाचीही तीच वाट होती. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग सुरू झाला, त्यानंतर ही वाहतूक कल्याण-कर्जतकडे वळली आणि पनवेल मुख्य वाटेच्या बाजूला पडले. या दोन घटनांमधली तीस-तेहतीस वर्षे म्हणजेच मराठी नियतकालिकांच्या आरंभाची वर्षे होत: बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये, भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ १८४१ मध्ये आणि पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये निघाले. नव्या पुस्तकांच्या जाहिराती आणि त्यांच्यावरील मते ज्या पत्रांतून दोन शहरांमध्ये जा-ये करू लागली, त्यांची वाट त्या काळात पनवेलवरून होती. पण टपालाची थैली गावातून जाणे आणि ती गावात उघडली जाणे यात अंतर असते. १८५२ मध्ये नगरपालिका मिळण्याइतके हे बंदर व्यापाराने भरभराटीला आलेले असले, तरी छापील पुस्तकाची किंमत सामान्य घराला परवडणारी नव्हती आणि ते कोठून मागवावे हेही पुष्कळांना ठाऊक नसे.

प्रत वाचकापर्यंत नेण्याचा एक उपाय त्या काळच्या ग्रंथकारांनीच शोधला होता. पुस्तक छापण्याआधी वर्गणी गोळा करून, जे आगाऊ पैसे देतील त्यांची नावे ‘आश्रयदाते’ म्हणून पुस्तकाच्या आरंभी किंवा अखेरीस छापण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात रूढ होती. मामलेदार, शिरस्तेदार, वकील, सावकार, शाळाखात्यातले अधिकारी अशा मंडळींची गावनिहाय यादी वाचणाऱ्याला हे पुस्तक आपल्यासारख्या कोणकोणत्या गृहस्थांनी घेतले आहे ते सांगत असे, आणि तेच त्या पुस्तकाचे प्रशस्तिपत्र ठरत असे. या याद्या आज अभ्यासक सहसा ओलांडून पुढे जातात. हे खेदाचे आहे, कारण मराठी वाचकवर्ग कोणत्या गावांत आणि कोणत्या व्यवसायांत तयार होत होता याचा इतका नेमका पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण.

दुसरी शिफारस सरकारी आणि पंडिती होती. पेशवाईपासून विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा, असा अर्ज पुण्यातील सुधारक तरुणांनी १८४९ मध्ये केला आणि त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. या कमिटीने बक्षीस दिलेले पुस्तक वाचनीय मानले जाई. पुढे ‘विविधज्ञानविस्तार’ या १८६७ मध्ये सुरू झालेल्या मासिकाने पुस्तकपरीक्षणाला, म्हणजे गुणदोषांची फोड करून दिलेल्या मताला, नियमित स्थान दिले, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाले’त वाचन हाच निबंधाचा विषय करून काय आणि कसे वाचावे याची चर्चा आणली. वर्तमानपत्रांत ‘साभार पोच’ हे सदर रूढ झाले. त्यात संपादकाकडे आलेल्या पुस्तकाचे नाव, कर्ता, किंमत, टपालहशील आणि मिळण्याचे ठिकाण एवढेच छापले जाई. मताच्या दृष्टीने हे सदर कोरडे असले, तरी मिळण्याचे ठिकाण आणि टपालहशील त्यात दिलेले असल्यामुळे लहान गावातल्या वाचकाला लांबलचक परीक्षणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होई.

या साऱ्या शिफारशीत कोण कोणाला सांगत होते, हा प्रश्न टाळता येत नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली आणि १८८५ मध्ये दुसरी; या दुसऱ्या सभेचे निमंत्रण आल्यावर जोतीराव फुले यांनी जे उत्तर पाठवले, ते ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. ज्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या जगण्याला जागा नाही त्या ग्रंथकारांच्या मेळ्यात मिसळून आपल्या लोकांचा काही लाभ होणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पनवेल तालुक्याच्या संदर्भात हा आक्षेप नेमका लागू पडतो. खारजमिनीत भात पिकवणारे आगरी, खाडीत जाळे टाकणारे कोळी, डोंगरातले ठाकूर आणि कातकरी अशी येथील बहुसंख्य वस्ती आश्रयदात्यांच्या यादीत नव्हती, आणि शिफारस झालेल्या पुस्तकांच्या पानांतही क्वचितच होती.

प्रत आणि वार्ता यांना पुन्हा एकत्र आणण्याचे श्रेय सार्वजनिक ग्रंथालयांना जाते. मुंबई इलाख्यातील आरंभीची काही ग्रंथालये युरोपीय अधिकाऱ्यांच्या गरजेतून निघाली. १८४८ मध्ये पुण्यात लोकहितवादींच्या खटपटीने स्थापन झालेल्या ‘नेटिव जनरल लायब्ररी’ने एतद्देशीयांसाठी दार उघडले. पनवेलच्या परिसरात पाहिले तर कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये उभे राहिले. पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, मग तो कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात गेला, त्यामुळे ठाण्याशी असलेले त्याचे नाते केवळ भौगोलिक नव्हते. ठाण्याच्या संग्रहालयाने मराठी पुस्तके जमवणे हेच आपले व्रत मानले आणि पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबईत त्याच धर्तीवर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. खुद्द पनवेलमध्ये हे काम के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय करत आले आहे.

ग्रंथालयातील शिफारशीची रीत छापील परीक्षणाहून वेगळी आहे आणि तिचा विचार सविस्तर करायला हवा. पुष्कळ वाचनालयांत वाचकाला कपाटांपर्यंत जाता येत नसे. ‘देवघेव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खिडकीशी उभे राहून पुस्तकाचे नाव किंवा क्रमांक सांगावा लागे, आणि हवे ते पुस्तक बाहेर गेलेले असल्यास ‘मग दुसरे काही द्या’ असे म्हणून निवड खिडकीपलीकडच्या माणसावर सोपवावी लागे. अनेक वर्षे त्या जागी बसलेला ग्रंथपाल किंवा त्याचा मदतनीस प्रत्येक सभासदाची आवड ओळखत असे: कोणाच्या घरी सासूसाठी पोथ्या-पुराणे आणि सुनेसाठी कादंबऱ्या जातात, कोण प्रवासवर्णनांखेरीज काही नेत नाही, कोणाला रहस्यकथांवरून हळूहळू चरित्रांकडे वळवता येईल. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा अशी दोन सूत्रे आहेत; तालुक्याच्या गावातील देवघेवीच्या खिडकीशी ती शास्त्राचे नाव न घेता पाळली जात होती. शिवाय पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठीही बोलत असे. शिक्क्यांनी ती भरून गेली असेल तर नवख्या वाचकाला ते पुस्तक निर्धास्त नेता येई, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे, नियमाविरुद्ध असले तरी, पूर्वीच्या वाचकाचे मत कळवत असत.

दिवाळी अंकांनी या देवघेवीला वार्षिक उत्सवाचे रूप दिले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये काढलेल्या अंकापासून ही परंपरा धरली जाते. सगळे अंक विकत घेणे कोणालाच शक्य नसल्यामुळे वाचनालये स्वतंत्र वर्गणीची दिवाळी अंक योजना चालवतात; ठरावीक रक्कम भरलेला सभासद पुढचे काही महिने एकेक अंक नेतो आणि परत करतो. अंक परत करताना त्यातील कोणती कथा किंवा कोणता लेख चुकवू नये हे पाठीमागे उभ्या असलेल्या सभासदाला सांगितले जाते, आणि सगळ्यांनी तेच अंक आळीपाळीने वाचलेले असल्यामुळे गावभर एकाच वाचनाची चर्चा होऊ शकते. पनवेलमध्ये श्री रामशेठ ठाकूर सामाजिक विकास मंडळाच्या वतीने दिवाळी अंकांची राज्यस्तरीय स्पर्धाही घेतली जाते.

स्वातंत्र्यानंतर पुस्तकांविषयी वार्ता देणे हेच ज्यांचे काम अशी नियतकालिके निघाली. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये सुरू केलेले ‘ललित’ हे त्यांतले प्रमुख. आगामी पुस्तके, लेखकांच्या मुलाखती, जयवंत दळवी यांचे ‘ठणठणपाळ’ या नावाने चालणारे सदर आणि चोखंदळ वाचकांनी केलेली पुस्तकांची निवड यांमुळे मुंबई-पुण्याबाहेरच्या वाचकाला आणि तितक्याच प्रमाणात वाचनालयांच्या ग्रंथनिवड समित्यांना आधार मिळाला. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक गोविंद तळवलकर यांच्या ‘वाचता वाचता’ या लेखनाने जगभरच्या ग्रंथांची ओळख करून दिली. त्याचे मोल मोठे आहे. तथापि ती पुस्तके बहुतांशी इंग्रजी असल्यामुळे वाचनालयाच्या कपाटात ती क्वचित सापडत, आणि लेख वाचणे हेच पुष्कळांच्या बाबतीत पुस्तक वाचण्याच्या जागी येत असे.

ही उणीव ओळखून १९७४ मध्ये मुंबईत ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. आगाऊ वर्गणी भरणाऱ्या सभासदांना कमी किमतीत पुस्तके देणे, गावोगाव प्रदर्शने आणि ग्रंथयात्रा नेणे, ‘रुची’ या पत्रिकेतून वाचकांशी बोलत राहणे, या तिच्या पद्धतीत जुन्या आश्रयदात्यांच्या प्रथेचा नवा अवतार दिसतो. फरक एवढाच की आता यादीतल्या नावांवर सावकार-शिरस्तेदारांची मक्तेदारी नव्हती. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केले. फुल्यांनी १८८५ मध्ये जे मागितले होते त्याला मराठी पुस्तकव्यवहाराने दिलेल्या उत्तरांपैकी हे एक महत्त्वाचे उत्तर होते, आणि त्याला नव्वदहून अधिक वर्षे लागली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

दरम्यान राज्याने महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये केला आणि ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशा वर्गांत मांडणी करून त्यांना अनुदान देण्याची व्यवस्था आली. अनुदानाबरोबर शासनमान्य ग्रंथांची यादीही आली, म्हणजे तज्ज्ञांच्या समितीने खरेदीयोग्य ठरवलेल्या पुस्तकांची यादी. तिच्यामुळे लहान वाचनालयांना निवडीचा आधार मिळाला, परंतु ती साऱ्या राज्यासाठी एकच असते, आणि पनवेलची वस्ती मात्र एकसारखी राहिलेली नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यानंतर नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या, १९९८ मध्ये हार्बर मार्गावरील लोकल पनवेलपर्यंत धावू लागली, आणि २०१६ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा या वसाहती आणि आसपासची गावे तिच्या हद्दीत आली. घाटावरून, विदर्भातून, तळकोकणातून आलेली कुटुंबे आपापल्या भागातले लेखक बरोबर घेऊन आली आहेत. त्यांच्या बोलीतली, त्यांच्या मातीतली पुस्तके राज्याच्या यादीतून येतीलच असे नाही. ती येतात वाचनालयाच्या मागणीवहीतून. ज्या वहीत सभासद हव्या असलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक आणि प्रकाशक लिहून ठेवतो आणि जी ग्रंथनिवड समितीच्या बैठकीत समोर ठेवली जाते, तिच्यात एकाच पुस्तकाचे नाव निरनिराळ्या अक्षरांत दोन-तीनदा लिहिलेले आढळले, की पुढच्या खरेदीत त्याच्या दोन प्रती घ्याव्यात असे समितीला ठरवता येते.